ते आपले कोण लागतात?

१८ डिसेंबर २०२२ ची रात्र होती. आदिलाबादेतील डिसेंबरची थंडी काय असते, हे या पत्रिकेच्या वाचकांना सांगावयास नको. आमच्या एका आप्तांच्या घरी सारे कुटुंब दूरदर्शन संचापुढे पांघरुणे घेऊन बसले होते. कतार देशातील लुसैल येथे अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यात विश्वचषक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना रंगला होता. घरातील बारा वर्षांच्या नातवाने पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचा सदरा अंगात घातला होता. शेजारचा त्याचा तेलुगू मित्रही जेवण उरकून येऊन बसला होता. ऐंशीव्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना दोन गोलांनी पुढे होती. मग एम्बापे या फ्रेंच खेळाडूने दीड-दोन मिनिटांच्या अवधीत दोन गोल केले आणि आमच्या त्या बाळाच्या डोळ्यांना धारा लागल्या.

घरातील नव्वदीला टेकलेले आजोबा इतका वेळ खेळाकडे कमी आणि नातवाकडे अधिक पाहत होते. ते म्हणाले, "अरे बाळा, रडतोस कशाला? ते आपले कोण लागतात?"

सगळे हसले. नातू मात्र हसला नाही. "कोणी नाही लागत, आबा. पण हरायला नकोत," एवढे बोलून तो पुन्हा पडद्याकडे वळला.

प्रश्न आजोबांनी सहज विचारला होता. पण रात्री उशिरा घरी परतताना तो आमच्याबरोबर आला आणि अजून गेलेला नाही. 'कोण लागतात' ही आपल्या भाषेतील सोयरिकीची शब्दयोजना आहे. मामा लागतो, आत्या लागते, दूरचा चुलत भाऊ लागतो. जो 'लागतो' त्याच्यासाठी रडावे, हा झाला व्यवहार. जो काहीच लागत नाही, ज्याची भाषा आपल्याला समजत नाही, ज्याच्या गावाचे नावही धड उच्चारता येत नाही, त्याच्या पराभवाने मुलाच्या पोटात कालवाकालव व्हावी, हे कोणत्या न्यायाने? हे प्रेम खरे की उसने? आणि उसने असेल तर ते त्याज्य की रास्त?

आमच्यासारख्या कुटुंबांना हा प्रश्न परका नाही. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही या मातीत आहोत. आमचे पूर्वज कोणी शेतीसाठी, कोणी व्यापारासाठी, कोणी कुलकर्णीपणाच्या निमित्ताने येथे आले. जुनी माणसे अजूनही गावाला एदलाबाद म्हणतात. पैनगंगा ओलांडून नात्यात लग्नाला गेलो की तिकडची मंडळी आमची ओळख 'तेलंगणातले पाहुणे' अशी करून देतात. इकडे परत आलो की आम्ही 'मराठी लोक'. दोन्ही ओळखी प्रेमाच्याच. परंतु दोन्हींमध्ये तोच प्रश्न दडलेला असतो. हे आपले कोण लागतात?

तर्काने चालणारा मनुष्य म्हणेल की संघांवरील असले प्रेम ही निव्वळ कल्पना आहे. तेथे अकरा पगारी खेळाडू चेंडूमागे धावतात. आपण एक रंग निवडतो आणि त्या रंगाला जीव लावतो. दुसरा कोणताही रंग निवडला असता तरी चालले असते. कोल्हापुरात पेठापेठांचे फुटबॉल संघ आहेत आणि विश्वचषकाच्या दिवसांत त्याच पेठांतून ब्राझील, जर्मनी, अर्जेंटिना यांचे कैवारी निर्माण होतात. पंचगंगेच्या काठच्या माणसाने ब्राझीलसाठी शेजाऱ्याशी वाद घालावा, यात तर्काला धरून काय आहे?

आक्षेप चुकीचा नाही, अपुरा आहे. कारण ज्या आपलेपणाला आपण सहज आणि जन्मसिद्ध समजतो, तोही असाच घडलेला असतो. राष्ट्राराष्ट्रांमधील पहिला अधिकृत मानला जाणारा फुटबॉल सामना १८७२ साली ग्लासगो येथे स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला. त्यात एकही गोल झाला नाही. १९०४ साली पॅरिसमध्ये सात देशांच्या प्रतिनिधींनी 'फिफा' ही संस्था स्थापन केली. पहिला विश्वचषक १९३० साली उरुग्वे या चिमुकल्या देशाने भरवला आणि त्यात अवघे तेरा संघ उतरले. अंतिम सामन्यापूर्वी उरुग्वे व अर्जेंटिना यांच्यात वाद पडला तो चेंडूवरून. प्रत्येकाला आपला चेंडू हवा होता. शेवटी तोडगा निघाला की पूर्वार्ध अर्जेंटिनाच्या चेंडूने खेळावा आणि उत्तरार्ध उरुग्वेच्या. पूर्वार्धात अर्जेंटिना २-१ अशी पुढे होती. सामना उरुग्वेने ४-२ असा जिंकला. चेंडू चामड्याचाच, गोलच. पण त्यालाही 'आपला' आणि 'त्यांचा' असे नाव लागले. त्या सामन्यात अर्जेंटिनाकडून खेळलेला लुईस मोंती हा चारच वर्षांनी, १९३४ च्या अंतिम सामन्यात, इटलीच्या वतीने खेळला आणि विश्वविजेता झाला. त्याचे आजे-पणजे इटलीहून आलेले. मग तो कोणाचा? मुसोलिनीच्या राजवटीला त्या विजयाचा डांगोरा पिटावयाचा होता, म्हणून तिने त्या वेळी त्याला आपला मानले. सत्ताधाऱ्यांना आपलेपणाचा असा उपयोग नेहमीच सुचतो. १९७८ साली अर्जेंटिनातील लष्करशहांनाही तो सुचला. असो. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आम्हांला अधिक जवळची आहे ती १९५६ सालची गोष्ट.

त्या वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य संपुष्टात आले. भाषावार प्रांतरचना झाली. आपल्या जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा पलीकडे गेले. आम्ही अलीकडे राहिलो. एकाच घरातील दोन भावांची शेते दोन राज्यांत गेल्याच्या कथा आमच्यापैकी अनेकांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. आणि नेमक्या एका महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताच्या फुटबॉल संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा या गोवेकराने त्या सामन्यात तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. पुढे युगोस्लाव्हियाकडून १-४ आणि बल्गेरियाकडून ०-३ असा पराभव होऊन भारत चौथा आला. तेवढी मजल भारतीय फुटबॉलने ऑलिंपिकमध्ये पुन्हा कधी मारली नाही.

त्या संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. व्यवसायाने मूळचे शिक्षक. त्यांच्या हाताखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला होता. मेलबर्नला गेलेल्या संघातही हैदराबादकडच्या खेळाडूंचा भरणा मोठा होता. म्हणजे जे राज्य नकाशावरून पुसले गेले, त्याच राज्याच्या मैदानांवर वाढलेली मुले महिन्याभराने जगापुढे भारत म्हणून उभी होती. आमच्याकडील मराठी घरांत तेव्हा रझाकारांच्या काळाच्या आठवणी ताज्या होत्या. पोलीस कारवाईला उणीपुरी आठ वर्षे झाली होती. त्या घरांनी हैदराबादच्या या मुस्लिम शिक्षकाला 'आपला' म्हणावे काय? आमच्या माहितीतील एका वृद्ध गृहस्थांना आम्ही हे एकदा विचारले होते. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बातमी वाचली तेव्हा विचार नाही केला. आनंद झाला, एवढंच." आनंद आधी झाला आणि हिशेब नंतर आठवला, हा क्रम आम्हांला मोलाचा वाटतो.

मेलबर्नच्या त्या संघात तुलसीदास बलराम होता. जन्म सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथला, आईवडील तमिळ, घडला रहीम यांच्या नजरेखाली. पुढे कलकत्त्याच्या ईस्ट बंगाल संघाकडून नाव कमावले आणि अखेरपर्यंत बंगालमध्येच, उत्तरपाड्याला राहिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो वारला. तमिळ, तेलंगणी, की बंगाली? त्याला असा प्रश्न विचारणाऱ्याने आधी स्वतःचे घर पाहावे, असे आमचे मत आहे. आमच्यातील किती घरांत देवघरातील आरती मराठी, बाजारातील बोली तेलुगू, आणि जुन्या दस्तांतील लिपी उर्दू आहे!

आपल्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द आहेत. 'आम्ही' म्हणताना समोरचा बाहेर राहतो. 'आपण' म्हणताना तो आत येतो. तेलुगूतही अगदी असाच भेद आहे: 'मेमु' आणि 'मनमु'. हिंदीच्या एका 'हम'मध्ये तो करता येत नाही. दोन सख्ख्या शेजाऱ्यांच्या भाषांनी हा दरवाजा सारखाच ठेवावा, ही आम्हांला लहान गोष्ट वाटत नाही. खेळाच्या मैदानावर या दरवाजाची उघडझाप स्पष्ट दिसते. संघ जिंकला की चाहता म्हणतो, "आपण जिंकलो." हरला की तोच म्हणतो, "ते हरले." एका रात्रीत सर्वनाम बदलते.

या बदलत्या सर्वनामाने माणसांचे जीव पोळले आहेत. १९५० साली रिओच्या माराकाना मैदानावर उरुग्वेने ब्राझीलला २-१ असे हरवले, तेव्हा गोलरक्षक बार्बोसा याला त्याच्या देशाने जन्मभर क्षमा केली नाही. तो २००० साली मरेपर्यंत त्या एका गोलाचा धनी राहिला. १९९४ मध्ये कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला आणि मायदेशी परतल्यावर त्याला गोळ्या घालण्यात आल्या. जर्मनीत जन्मलेल्या, तुर्की वंशाच्या मेसूत ओझिलने २०१८ साली राष्ट्रीय संघ सोडताना तक्रार केली ती हीच, की जिंकलो म्हणजे मी जर्मन आणि हरलो म्हणजे मी बाहेरून आलेला. त्याच्या राजकीय वागण्याविषयी मतभेद असू शकतील आणि आमचेही आहेत. पण ही तक्रार ज्याला समजत नाही, तो कधी परमुलखात भाड्याने राहिलेला नसावा.

तेव्हा आमचा पहिला निष्कर्ष असा, की आपलेपणा घडवलेला असतो म्हणून तो खोटा ठरत नाही. दत्तक मुलगा खोटा नसतो. माय मरो, मावशी जगो, असे आपल्यात म्हणतातच. खोटेपणा येतो तो विजयात जवळ घेऊन पराभवात दूर लोटण्यात. मात्र हा निष्कर्ष काढून आम्हांला स्वस्थ बसता आले नाही, कारण मध्य अमेरिकेतील एक घटना आडवी आली. तिचा संबंध आमच्यासारख्यांशी फार जवळचा आहे.

होंडुरास आणि एल साल्वादोर हे शेजारी देश. एल साल्वादोर लहान आणि दाट वस्तीचा, जमिनी मूठभरांच्या हाती. त्यामुळे तेथील गरीब शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सरहद्द ओलांडून होंडुरासमध्ये जात, रान साफ करीत, कसत आणि तेथेच राहत. १९६९ पर्यंत त्यांची संख्या सुमारे तीन लाखांवर गेली होती. मग होंडुरासच्या सरकारने जमीनसुधारणेचा कायदा अंमलात आणताना ठरवले, की जमीन मिळेल ती होंडुरासमध्ये जन्मलेल्यांनाच. बाहेरून आलेल्यांना हुसकावण्यास सुरुवात झाली. नेमके याच दिवसांत, जून १९६९ मध्ये, १९७० च्या विश्वचषकाच्या पात्रतेसाठी हे दोन देश समोरासमोर आले. पहिला सामना होंडुरासने आपल्या राजधानीत १-० असा जिंकला. दुसरा एल साल्वादोरने आपल्याकडे ३-० असा. दोन्हीकडे पाहुण्या संघाच्या हॉटेलाबाहेर रात्रभर गोंगाट करून खेळाडूंना झोपू दिले गेले नाही, प्रेक्षकांना मारहाण झाली. निर्णायक सामना मेक्सिको शहरात झाला. जादा वेळेत एल साल्वादोर ३-२ असे जिंकले. १४ जुलैला त्यांच्या सैन्याने होंडुरासवर चढाई केली. लढाई शंभर तासांच्या आसपास चालली. हजारो माणसे मेली, त्यांत बहुसंख्य साधे नागरिक. हजारो वसाहतवाले शेतकरी उभे पीक टाकून परतले. तहावर सह्या १९८० मध्ये झाल्या आणि सरहद्दीच्या वादाचा निवाडा आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९२ साली दिला. ज्या विश्वचषकासाठी हा आटापिटा, तेथे एल साल्वादोर तिन्ही सामने हरले आणि त्यांना एकही गोल करता आला नाही.

जगाने या लढाईला 'फुटबॉल युद्ध' असे नाव दिले. नाव सोयीचे आहे, अचूक नाही. चेंडूमुळे युद्ध झाले नाही. ते जमिनीमुळे झाले. खेळाने फक्त आधीच वाळलेल्या गवताला ठिणगी दाखवली.

ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा आमची सहानुभूती आपोआप त्या वसाहतवाल्यांकडे गेली. आपल्यासारखीच माणसे! रान मोडले, घाम गाळला, आणि एके दिवशी कोणी सांगितले की तुम्ही येथले नव्हेत. पण आदिलाबाद जिल्ह्यात राहून ही गोष्ट तेवढ्यावर सोडता येत नाही. कारण येथे आमच्या आधीपासून राहणारे होते. गोंड होते, कोलाम होते. पट्टे आणि सातबारे यांची भाषा त्यांना येत नव्हती. ज्यांना येत होती त्यांच्या नावावर जमिनी चढल्या. त्यांत आमचे लोक नव्हते, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम मारला गेला. त्यानंतर येथे आलेल्या हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने गोंडांच्या हातून जमिनी कशा गेल्या हे नोंदवून ठेवले आहे, आणि त्या नोंदींत बाहेरून आलेल्या मराठी शेतकऱ्यांचाही उल्लेख आहे. आपल्याच सेतुमाधवराव पगडींनी या जिल्ह्यात गोंडांमध्ये काम केले, गोंडी भाषा शिकून तिच्यावर लिहिले. त्यांची 'शिवचरित्रा'वरील व्याख्याने आमच्या घरांतून आदराने आठवली जातात. त्यांचे गोंडांवरील लेखन किती घरांत आहे, हा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारला आणि उत्तर देताना ओशाळलो.

म्हणजे 'ते आपले कोण लागतात?' हा प्रश्न आम्हांला विचारला जातो, तसाच तो आम्ही कोणाला तरी विचारलेला असतो. केरामेरी आणि जिवतीच्या मधल्या डोंगरातील काही गावांवर आज दोन्ही राज्ये हक्क सांगतात. तेथील माणसांची नावे दोन मतदारयाद्यांत आहेत, अनेकांजवळ दोन शिधापत्रिका आहेत. लोक गमतीने म्हणतात, की त्यांचे नशीब थोर, दोन सरकारे मिळाली. त्याच गावांत जमिनीचा पट्टा मागायला गेले की दोन्हीपैकी कोणते सरकार 'आपण' म्हणते, हे त्या माणसांनाच विचारावे.

येथवर येऊन आम्हांला आठवतो तो जकार्ताचा सामना. ४ सप्टेंबर १९६२, चौथ्या आशियाई क्रीडास्पर्धेचा अंतिम सामना, भारत विरुद्ध दक्षिण कोरिया. इस्रायल आणि तैवान यांना इंडोनेशियाने वगळले, याला भारताचे क्रीडा-प्रतिनिधी सोंधी यांनी जाहीर हरकत घेतली होती. त्यामुळे सारे शहर भारतीयांवर खवळले होते. खेळाडूंनी पुढे सांगितले आहे, की बसवरचा झेंडा काढावा लागला आणि जर्नेल सिंगला पगडी दिसू नये म्हणून खाली वाकून बसावे लागले. मैदानात सुमारे एक लाख प्रेक्षक आणि ते बहुतेक सारे भारताच्या विरोधात. याच कोरियाने साखळीत भारताला २-० असे हरवले होते. जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडलेले. एरवी तो बचाव सांभाळणारा, पण रहीम यांनी त्याला पुढच्या फळीत खेळवले. रहीम स्वतः कर्करोगाने पोखरले गेले होते; पुढच्या जूनमध्ये ते गेले. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल यांच्या गोलांनी भारत २-१ असा जिंकला. गोलात उभा होता हैदराबादचा पीटर तंगराज.

त्या लाखभर विरोधी आवाजांत एक लहानसा गट भारताच्या नावाने ओरडत होता, ही आठवण त्या संघातील खेळाडूंनी आयुष्यभर सांगितली. तो गट पाकिस्तानच्या हॉकी संघाचा होता. नुकतेच त्यांनी अंतिम सामन्यात भारताला हरवून सुवर्णपदक घेतले होते. आणि ज्याच्या गोलासाठी ते ओरडले, तो जर्नेल सिंग लायलपूरच्या मुलखात जन्मलेला, फाळणीत लहान वयात सरहद्द ओलांडून आलेला. ती मंडळी का ओरडली, याची कारणे पुष्कळ सांगता येतील. भाषा एक, अन्न एक, परक्या शहरात एकटेपणा एक. आम्हांला कारणांत फारसे स्वारस्य नाही. तीन वर्षांत त्यांचे सैन्य आणि आपले सैन्य लढणार होते, हेही आम्हांला ठाऊक आहे. त्या जयघोषाने ते युद्ध टळले नाही. तरीही तो जयघोष झाला होता.

त्या रात्री लुसैलमध्ये सामना ३-३ असा बरोबरीत सुटला आणि अर्जेंटिनाने पेनल्टीवर ४-२ अशी बाजी मारली. आमच्या आप्तांच्या घरी एकच गिल्ला झाला. नातू पलंगावर उड्या मारीत होता. शेजारचा तेलुगू मुलगा दोन्ही हात वर करून ओरडला, "मनम् गेलिचाम!" आजोबांनी कानामागे हात नेला. "काय म्हणतो तो?" त्यांनी विचारले. वास्तविक तेलुगू त्यांना आमच्याहून चांगली येते. नातू म्हणाला, "आपण जिंकलो म्हणतो, आबा." आजोबांनी मान हलवली, पांघरूण छातीपर्यंत ओढले आणि सुनेला म्हणाले, "त्या पोराला घरापर्यंत सोडून ये कोणीतरी, बाहेर गार आहे."

तो पट्ट्यांचा सदरा आता नातवाला आखूड होतो. मागल्या दिवाळीत तो शेजाऱ्यांच्या धाकट्या मुलाकडे गेला.